अडतिसावा ब्रश

पिशवीतला ब्रश अजून ओला होता, आणि मला सगळ्यात जास्त राग आला तो त्याचा. बसमध्ये खिडकीकडेची जागा मिळाली होती, रविवार असल्यामुळे गर्दी नव्हती, शेजारी कोणी मोठ्यानं फोनवर बोलत नव्हतं, म्हणजे चिडायला दुसरं काही कारणच नव्हतं. तरी मांडीवरच्या त्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीला आतून घाम फुटलेला दिसला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. दाढीचा ब्रश धुऊन दिला होता. नीट, साबण लावून, केस पिळून. माणूस गेल्यावर त्याचे कपडे धुऊन, घड्या घालून कोणाला तरी देऊन टाकतात ना, तसा. आणि माणूस तर तिथे खिडकीपाशी खुर्चीत बसलेला होता, जिवंत, दाढी केलेला, आणि माझ्याकडे बघत नव्हता. पिशवीच्या तोंडाला वहिनींनी गाठ मारली होती. त्यांना कशालाही गाठ मारल्याशिवाय चैन पडत नाही. ती गाठ सोडवायचा मी दोन थांबे जाईपर्यंत प्रयत्न केला, आणि मग पिशवीच फाडली.

दोन वर्षं झाली, दर रविवारी सकाळी मी दादाकडे जातो. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, आणि नाना, आमचे वडील, त्याच्याकडे राहतात. त्यांची उजवी बाजू गेली तेव्हापासून ते स्वतः दाढी करू शकत नाहीत. साठ वर्षं एक दिवस दाढी न चुकवलेल्या त्या माणसानं जड जिभेनं, एकेक शब्द सुटा करत सांगितलं होतं, की धाकटा करेल, रविवारी. बस्स. सहा दिवस खुंट वाढवून बसायचं आणि सातव्या दिवशी माझी वाट बघायची. आता, बोळक्या तोंडाच्या म्हाताऱ्याची दाढी करणं हे कुणाही सोम्यागोम्याचं काम नाही. गाल आत गेलेले असतात, खळग्यातल्या केसाला पातं लागतच नाही. त्यांची कवळी मीच केलेली आहे, माझा धंदाच तो, चौतीस वर्षं दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करतो मी. पण आजारात त्यांचं तोंड एका बाजूला उतरलं आणि ती कवळी बसेनाशी झाली. म्हणून डाव्या हाताचं बोट त्यांच्या तोंडात घालायचं, आतून गाल उचलून धरायचा, आणि उजव्या हातानं वरून रेझर फिरवायचा. बोट आत असतं तेव्हा नाना बोलू शकत नाहीत, आणि मीही बोलत नाही. उभ्या आयुष्यात आम्ही दोघं एकमेकांच्या इतके जवळ कधी आलो नव्हतो. हे मी सरळ सांगून टाकतो, कारण माझ्याकडे एवढंच होतं, आठवड्यातली वीस मिनिटं. ती आज दारातच काढून घेतली.

"आज झाली हो नानांची दाढी," वहिनी दार उघडता उघडताच म्हणाल्या. "पैलवानानं सकाळीच केली. म्हटलं भावजींचा सुट्टीचा एक दिवस, कशाला दर वेळी धावपळ." पैलवान म्हणजे नानांना सांभाळायला ठेवलेला माणूस, पन्नाशीचा, अंगानं काडी, पण नानांना एकट्यानं उचलतो म्हणून दादानं त्याला हे नाव ठेवलंय. मी आत येऊन बूटही काढले नव्हते तोवर टेबलावरची पिशवी माझ्या हातात आली. "आणि हा ब्रश आता तुमच्याकडेच असू दे. तुमच्या संग्रहाला होईल. पैलवान तो डब्यातला फेस वापरतो, त्यामुळे इथे नुसता पडून राहील." पाठ करून म्हटल्यासारखं. वहिनी पूर्वी शाळेत शिकवायच्या, त्यांचं पाठांतर चांगलं आहे. दादा वर्तमानपत्रात तोंड घालून बसला होता आणि बराच वेळ त्यानं पान उलटलं नव्हतं. मी नानांकडे बघितलं. गालाच्या खळग्यात पांढरे खुंट तसेच होते, रंगाऱ्यानं कंटाळून कोपरे सोडावेत तसे. "कोपरे राहिलेत," मी म्हटलं. पैलवान आठवड्याच्या गोळ्या डबीच्या कप्प्यांत भरत होता, तो भरतच राहिला. नाना मान पलीकडे वळवून खिडकीबाहेर बघत होते. तिथे बघण्यासारखं काय आहे मला माहीत आहे, समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या आहेत. "चहा टाकते," वहिनी म्हणाल्या. मी नको म्हटलं आणि निघालो. जिन्यात मला वाटलं, कोणीतरी मागून हाक मारेल. तीन मजले उतरेपर्यंत कोणी मारली नाही.

माझ्याकडे सदतीस ब्रश आहेत. पूर्वी दातांच्या डॉक्टरांकडे उथळ खणांचं, काचेच्या दाराचं कपाट असे. तसलं एक लॅबमधून टाकून देत होते, ते मी घरी आणलं आणि त्यात ते मांडले. लोक तिकिटं जमवतात, नाणी जमवतात, त्यांना कोणी काही म्हणत नाही. मी वापरलेले दाढीचे ब्रश जमवतो म्हटलं की समोरचा आधी माझ्याकडे आणि मग माझ्या बायकोकडे बघतो, तिची कीव आल्यासारखा. बायको सांगते, आमच्याकडे केसांचं प्रदर्शन आहे, प्रवेश मोफत. दुकानातला कोरा ब्रश मी घेत नाही. त्यात काय असतं, तो सगळ्यांचा सारखाच. वापरलेल्या ब्रशात माणूस दिसतो. डावखुरा कोण, घाईचा कोण, गालावर दाबून घासणारा कोण नि नुसता टेकवणारा कोण, केस कुठल्या बाजूनं झिजले, मुठीवर अंगठ्याचा डाग कुठे पडला, एवढ्यावरून मी सांगतो, आणि ऐकणाऱ्याचं तोंड उघडं राहतं. कवळी बसवून घ्यायला येणाऱ्या म्हाताऱ्यांशी माझ्या गप्पा होतात, आणि पुढे कधीतरी त्यांच्या घरचं कोणी येतं, हातात एक पुडकं ठेवतं. एक बिगूल वाजवणारा होता. दोन जुळे भाऊ होते, ज्यांच्या बायका म्हणे ब्रशावरून नवरा ओळखत. एक न्यायाधीश होते. ते स्वतःच ब्रश द्यायला आले होते, तर मी त्यांना परत पाठवलं. साहेब, अजून वापरा, म्हटलं. कारण माझा नियम एकच आहे, माणूस असेपर्यंत त्याचा ब्रश घ्यायचा नाही. हे दादाला ठाऊक आहे, वहिनींना ठाऊक आहे, नानांना तर न्यायाधीशांची ती गोष्ट मी फेस लावताना निदान दहा वेळा ऐकवली असेल. आणि तरी त्या तिघांच्या घरातून आज अडतिसावा ब्रश माझ्या हातात आला, ओला.

घरी येऊन मी कपाटासमोर स्टूल ओढून बसलो. नानांचा ब्रश मला डोळे मिटूनही ओळखता येईल. पिवळी पडलेली मूठ, तिला उभी चीर, चिरेवर त्यांनी स्वतः करकचून गुंडाळलेला काळा दोरा. नाना लिफ्ट तपासायचे. शहरातल्या उंच इमारतींच्या लिफ्टांचे दोर, चाकं, दारं तपासायची आणि ठीक असल्याचा कागद द्यायचा, ही त्यांची नोकरी; आणि त्यांचं म्हणणं असं, की खुंट वाढलेल्या माणसानं लिफ्ट ठीक आहे म्हटलं तर लोक जिन्यानं जातात. म्हणून रोज सकाळी सहाला दाढी. आम्ही राहायचो त्या खोलीची भिंत इतकी भुसभुशीत, की खिळा ठरत नसे, त्यामुळे आरसा कोणीतरी धरावा लागे. तो दादा धरायचा. थोरला म्हणून. रोज सकाळी दहा मिनिटं नाना दादाकडे, म्हणजे आरशाकडे, बघत असत, आणि मी मागे पितळेची वाटी घेऊन उभा, मला त्यांची पाठ दिसायची, बनियनचा फाटका गळा दिसायचा. दाढी झाली की न बघता ते ब्रश मागे करायचे आणि मी तो धुवायचा. दादाला तोंड, मला पाठ आणि खरकटा ब्रश. पुढे दादा शिकला, इंजिनियर झाला, त्यांच्याच खात्यात मोठा साहेब झाला, नानांना आपल्याकडे घेऊन गेला, आणि सगळ्यांनी म्हटलं, थोरल्यानं नाव काढलं. मी काही बोललो नाही. पण दोन वर्षांपूर्वी नानांनी दाढीसाठी माझं नाव घेतलं, तेव्हा दादाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मी ते बघितलं. चांगलं पोटभर बघितलं. मला त्याची लाज वाटत नाही.

प्रत्येक ब्रशाला मी दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधतो. माणूस कोण, काम काय, सवय काय. मी कात्रीनं चिठ्ठी कापली, ती तिरकी कापली गेली. दुसरी कापली. पेन उघडून 'वडील' लिहायला घेतलं तर व लिहितानाच निब कागदात रुतली आणि पुढची रेघ भलतीकडे गेली. रागानं माझा हात थरथरत होता. रागानं हात थरथरतोच, त्यात काही नवल नाही. तिसरी चिठ्ठी घेतली. तेवढ्यात बायको चहा घेऊन आली आणि कप खाली ठेवला. अर्धा. हल्ली ती मला अर्धाच कप चहा देते. कपात बघितलं की असं वाटतं, कोणीतरी आधी पिऊन बाकीचा आपल्याला दिलाय. "हा अर्धा का?" मी विचारलं. "गार होतो हो भरलेला. हा प्या, परत देते ना," ती म्हणाली, आणि मग टेबलावरच्या दोन वाया गेलेल्या चिठ्ठ्या बघून अगदी सहज म्हणाली, "द्या इकडे, मी लिहिते." मी म्हटलं, चौतीस वर्षं मी मेणाच्या हिरडीत एकेक दात बसवतोय, केसाएवढा फरक झाला तर माणसाला घास चावता येत नाही, आणि मला चार शब्दांची चिठ्ठी लिहायला तुझी मदत लागणार का. ती काही बोलली नाही. न बोलण्यात ती फार हुशार आहे.

आणि मग एकदा राग सुटला की तो एका जागी थोडाच थांबतो. लॅबमध्ये गेल्या पावसाळ्यापासून पुढचे दात माझ्याकडे येईनासे झाले. पुढचे सहा दात म्हणजे कवळीचा चेहरा. माणूस हसला की तेच दिसतात, ते बसवणं हीच खरी कारागिरी. ते आता चार वर्षांपूर्वी लागलेल्या बाईकडे जातात, आणि माझ्याकडे दाढा येतात, नाहीतर प्लॅस्टर कालवायचं काम येतं. डॉक्टर म्हणतात, "तुम्ही सीनियर आहात, तुम्हाला जरा आराम." मी आराम मागितला नव्हता. हे सगळं राजकारण आहे हे मला समजतं, त्या बाईचं गोड बोलणं आणि डॉक्टरांचे हलके कान. घरी यावं तर बायको म्हणते, तुम्ही दाढी वाढवा ना, शोभेल तुम्हाला. सदतीस ब्रशांच्या मालकाला ही म्हणते दाढी वाढवा. का, तर एकदोनदा ओरखडे आले म्हणून. हल्ली पाती रद्दी येतात. मी तीन कंपन्यांची बदलून बघितली, सगळी रद्दी. मेणबत्तीच्या उजेडात दाढी करणारे लोक होते, त्यांना कधी ओरखडा आला नाही. आता दिवे इतके लख्ख असून पात्यांना धार नाही. हे मी बायकोला मोठ्यानं सांगत होतो, आणि ती कपाटाच्या काचेवरची धूळ पदरानं पुसत होती, जी तिथे नव्हती. शेवटी मी म्हटलं, "तुम्हा सगळ्यांना मिळून मला अडगळीत टाकायचंय, एकदा सांगून तरी टाका." ती वळली आणि म्हणाली, "दादांना फोन करा. मला नका विचारू." तिचे डोळे भरले होते. मला त्याचाही राग आला.

दादानं लगेच फोन उचलला, जसा काही हातातच घेऊन बसला होता. मी त्याला बरंच काही ऐकवलं. बापाचा ब्रश बाप असताना धुऊन देऊन टाकणारी माणसं तुम्ही, आरसा धरायचास तेव्हापासून तुला सगळं तुझंच हवं, दोन वर्षं तुला हे खुपत होतं, आज साधलंस. तो ऐकत राहिला. लहानपणीही तो असाच मार खाऊन घ्यायचा, आणि मारणाऱ्यालाच लाज वाटायची. "पैलवानाला दाढी येते का करता," मी म्हटलं, "अर्धे खुंट गालात राहिलेत. माझ्या हातनं दोन वर्षांत एक केस राहिला नाही."

"केस नाही राहिला," दादा म्हणाला.

"मग?"

"गेल्या महिन्यात पातं वाईट होतं. त्याच्या आधी उजेड वाईट होता. त्याच्या आधी नानांची कातडी सैल झाली होती. नाचता येईना..." आणि तो थांबला. पुढचं त्यानं गिळलं. "मी नाही ठरवलं हे," तो हळू म्हणाला. "नानांनी सांगितलं. तू येऊन त्यांनाच विचार."

मी ब्रश खिशात घातला आणि तसाच निघालो. बायको दाराशी छत्री घेऊन आली, आणि बाहेर लख्ख ऊन होतं. तिला बहुतेक काहीतरी द्यायचं होतं आणि हाताशी तीच आली. बसमध्ये मी आईचा विचार करत होतो. आमच्या घराण्याची एक खोड आहे, आजार सांगायचा नाही. झाकली मूठ. माझी लॅबची परीक्षा होती म्हणून आईचं दुखणं माझ्यापासून चाळीस दिवस लपवलं. ती जेवायला बसायची, घास पानात फिरवत राहायची, आणि मी समोर बसून जबड्याच्या आकृत्या पाठ करायचो. मला कळलं तेव्हा ती हॉस्पिटलच्या पलंगावर होती आणि तिला माझं नाव आठवायला वेळ लागला. तेव्हा मी दादाची कॉलर धरली होती. तो म्हणाला होता, आईनंच सांगितलं, सांगू नका. नेहमी कोणीतरी सांगितलेलं असतं, सांगू नका. माझं भलं व्हावं म्हणून सगळे तोंडाला कुलूप लावतात आणि मग मी एकटाच मूर्खासारखा परीक्षेत पहिला येतो. समोरच्या बाकावरच्या बाईनं जागा बदलली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी हे पुटपुटत होतो. मी हात खिशात घातला. खिशात ब्रशाच्या मुठीवर तो नुसता ठेवला होता, दाबला नव्हता, आणि मुठीवरचा दोरा बोटांखाली सारखा बारीक घासत होता. बस तर सिग्नलला उभी होती.

दार दादानं उघडलं. या वेळी मी बूट न काढता सरळ आत गेलो आणि खुर्चीला वळसा घालून नानांच्या पलीकडच्या बाजूला उभा राहिलो, ज्या बाजूला ते सकाळी मान वळवून बसले होते. कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या कोपऱ्यावर औषधाची पट्टी होती, आणि पट्टीच्या कडेनं कातडी जांभळी झाली होती. "हे काय?" मी विचारलं. वहिनींनी दादाकडे बघितलं, दादानं पंख्याकडे. मी पुन्हा विचारलं.

"टाका आहे, साहेब," पैलवान म्हणाला. तो आमच्या घराण्यातला नाही, त्याला सांगता येतं. "गेल्या रविवारचा. तुम्ही गेल्यावर परत वाहायला लागलं. यांना रक्त पातळ व्हायच्या गोळ्या आहेत ना, थांबेचना. उशी भिजली, चादर भिजली. दोन तास मी दाबून बसलो होतो. मग डॉक्टर घरी येऊन टाका घालून गेले."

गेल्या रविवारी. मला आठवत होतं. जरासं लागलं होतं, मी तुरटी दाबली होती, पातं रद्दी आहे म्हणून चिडलो होतो, आणि परत जाताना नवं पाकीट घेतलं होतं. ते पाकीट आज सकाळी माझ्या खिशात होतं. दाबून बसलेला पैलवान, भिजलेली उशी, धावपळ करणाऱ्या वहिनी, आणि मी घरी आरामात बसून बायकोला सांगत होतो की हल्ली कशालाच धार राहिलेली नाही. "मला का नाही सांगितलं?" मी ओरडलो. जिन्यापलीकडचं दार उघडल्याचा आवाज झाला आणि लगेच बंद झाल्याचा. "आठ दिवस झाले. एकालाही वाटलं नाही? आईच्या वेळी तेच, आता तेच. मी काय काचेचा आहे?"

"तू ऐकून घेतोस का कुणाचं?" दादा म्हणाला. त्याचाही आवाज चढला होता, आणि तो मी किती वर्षांनी ऐकत होतो. "तुझी बायको तीन महिने मला फोन करून रडतेय. डॉक्टरकडे चला म्हटलं की तू ताट भिरकावतोस. कोण सांगणार तुला?"

तेव्हा नानांनी डावा हात उचलला. आम्ही दोघंही गप्प झालो. साठीला आलेले दोन घोडे, पण तो हात उचलला की अजून गप्प होतो. "मी... सांगितलं," नाना म्हणाले. "नका... सांगू."

"आणि ब्रश? ब्रश का दिलात? नियम माहीत आहे ना तुम्हाला माझा?"

नाना माझ्याकडे बघत होते. जीभ ओली करून घ्यायला त्यांना वेळ लागला. "नुसतं... येऊ नको... कसं म्हणायचं," ते म्हणाले. "तुला... आवडतात. म्हणून."

मला बसायला पाहिजे होतं, पण बसलो असतो तर राग गेला असता, आणि राग गेला तर मागे काय उरलं असतं ते मला बघायचं नव्हतं. मी खिशातून ब्रश काढला. "हा इथेच राहणार," मी वहिनींना म्हटलं, "याचा माणूस अजून वापरतोय. गरम पाणी द्या. आणि साबण, तो डब्यातला फेस नको." वहिनींनी दादाकडे बघितलं, दादानं मान हलवली, आणि पाणी आलं. मी नानांच्या गळ्याभोवती टॉवेल खोचला, ब्रश भिजवला आणि फेस करायला लागलो. हात थरथरत होता. सगळ्यांसमोर, दिवसाउजेडी, वाटीच्या काठावर ब्रशाची मूठ टकटक वाजत होती. फेसाला त्याचं काही वावडं नसतं, उलट तो जास्तच दाट आला. गालावर, हनुवटीवर, खळग्यांत, पट्टी सांभाळून मी तो लावत राहिलो, गरजेपेक्षा पुष्कळ जास्त वेळ. मग ब्रश ठेवला आणि रेझर उचलला. वहिनी स्वयंपाकघरात निघून गेल्या. दादा एक पाऊल पुढे आला आणि थांबला.

नानांनी डोळे मिटले आणि हनुवटी वर केली. दर रविवारी करतात तशीच. कानाखाली टाका, खाली सैल गळा, त्यात हलणारी ती शीर, आणि माझ्या हातातलं पातं मला स्वतःला दोन दोन दिसत होतं, आणि या माणसानं मान पुढे केली होती. त्या हनुवटीचा मला असा राग आला, की आजच्या दिवसातले बाकीचे सगळे राग पोरकट वाटले. हा मला कापू देणार होता. पुन्हा कापलं तर पुन्हा उशी लपवणार होता, पुन्हा सगळ्यांना दटावणार होता, सांगू नका त्याला. रक्त संपेपर्यंत हा मला वाईट वाटू देणार नव्हता.

"नाना," मी म्हटलं. "माझा हात थरथरतो."

त्यांनी डोळे उघडले.

"रागानं नाही. तसाच थरथरतो. वर्ष झालं."

"हो," नाना म्हणाले. दिवसभरातला त्यांचा हा पहिला शब्द, जो कुठे न अडखळता आला.

मी रेझर पैलवानापुढे धरला. त्यानं टॉवेलाला हात पुसून तो घेतला आणि म्हणाला, "पण खळगे राहतात साहेब माझ्याकडून. बोट घालू देत नाहीत. चावतात."

"दात कुठायत त्यांना?"

"तरी चावतात."

मी हात धुतले, स्टूल ओढून नानांच्या दुसऱ्या बाजूला बसलो, आणि डाव्या हाताचं बोट त्यांच्या तोंडात घालून गाल आतून वर उचलला. बोट थरथरत होतं. वरचा फेस त्याबरोबर थरथरत होता, आणि पैलवान रेझर हवेत धरून थांबला होता, कुठे टेकवावा ते न समजून. मी बोट स्थिर करायला बघितलं तसं ते जास्तच हलायला लागलं. मग नानांच्या हिरड्या माझ्या बोटाच्या मुळावर मिटल्या. त्या हिरड्यांचा साचा मी घेतलेला आहे, त्यांची प्रत्येक कड मला पाठ आहे, पण त्यांच्यात एवढा जोर असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. त्यांनी करकचून दाबलं, दुखेपर्यंत, आणि सोडलं नाही. बोट थांबलं.

"आता फिरवा," मी पैलवानाला म्हटलं.